शांतवन, तू गाळलेल्या ओळी

शांतवन, तुझ्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर आल्प्स पर्वत आहे. मागे बर्फाची शिखरं, वर दोन पांढरी कबुतरं, ढगांतून तिरपा पडणारा उजेड आणि या सगळ्याच्या मधोमध तू. फोटो मतदार ओळखपत्रावरचा, ज्यात तू काहीतरी चोरताना सापडल्यासारखा दिसतोस. श्रीवर्धनच्या एसटी स्टँडसमोर तीन आठवडे तू तसा उभा आहेस आणि तुझ्याखाली माणसं बोरिवली गाडीची चौकशी करतायत. पस्तीस वर्षं तू हाताने पाट्या रंगवल्यास. फ्लेक्स आला तेव्हा त्याला तोंडभर शिव्या दिल्यास. शेवटी तुझ्या पुतण्याने तुला फ्लेक्सवरच चढवलं. खरं सांगतो, तुझ्या दफनाच्या सगळ्या सोहळ्यात मला एवढी एकच गोष्ट मनापासून आवडली.

बाकीचं सोसवलं नाही. आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरून चर्चचे तीन पाळक आले. त्यांतल्या दोघांनी तुला कधी पाहिलेलंही नव्हतं, त्यामुळे ते जास्त वेळ बोलले. एकाने तुला 'वचनाचा शिपाई' म्हटलं. दुसरा म्हणाला, "शास्त्रावर असा अढळ विश्वास ठेवणारा वडील आता होणे नाही." नऊ घरांची आपली मंडळी आणि तिचा एकुलता एक वडील, म्हणजे कारभारी, तू. नऊही घरं माना डोलावत होती. मी शेवटच्या बाकावर बसून छताच्या वाशांकडे बघत होतो. त्या दारातून मी सहा वर्षांनी आत आलो होतो, तेही तुझ्या शवपेटीमागून, आणि मेहुणा बाहेर उभा राहिला तर बरं दिसणार नाही म्हणून.

तू गेल्यामुळे सगळ्यांनी तुझ्याबद्दल चांगलं बोलून घेतलं. उरलेलं कुणीतरी बोलायला हवं. ते काम माझ्याकडे येतं, कारण तू तुझ्या सख्ख्या बहिणीच्या, माझ्या करुणाच्या, हातात काय ठेवलंस हे आता माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

आणखी एक कारण आहे. काल आपले नेहमीचे पाळकसाहेब आले होते. तरुण माणूस, चांगला आहे, फक्त प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसतो. म्हणाले, "मास्तर, येत्या रविवारी शांतवनकाकांच्या स्मरणाची उपासना आहे. शास्त्रवाचन तुम्ही करा. त्यांच्या आवडीचं स्तोत्र." आणि त्यांनी कोणतं ते सांगितलं. करुणाच्या हातातली ओळ ज्यात आहे ते. तेच. मी म्हटलं, बघतो. आपल्याकडे त्या पुस्तकातून लोकांसमोर वाचणं म्हणजे काय असतं ते तुला ठाऊक आहे. हे मी खरं मानतो, असं नऊ घरांना उभं राहून सांगणं. मी मानतो की नाही ते मला रविवारपर्यंत ठरवायचं आहे. चार दिवस आहेत. म्हणून तुला लिहितो आहे. भांडल्याशिवाय मला काही ठरवता येत नाही आणि माझं निम्मं आयुष्य तुझ्याशी भांडण्यात गेलं.

आपण शाळेत एका बाकावर होतो. माझ्या वहीवर तू माझं नाव असं काढलंस, की हेडमास्तरांनी विचारलं, छापखान्यातून आणलंस का? पुढे मी त्याच शाळेत मराठी शिकवायला लागलो आणि तू रंगाचे डबे घेऊन बसलास. मग एक दिवस तू माझ्यासाठी स्थळ घेऊन आलास. हातात ब्रश होताच. "मास्तर, माझी बहीण कर. शिकलेली हाय. बोलते कमी." दुसरी गोष्ट साफ खोटी होती. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. तू माणसांना जे हवं असेल ते लिहून देतोस. दिवेआगरच्या प्रत्येक वाडीबाहेर तूच 'समुद्र दोन मिनिटांवर' असं लिहून ठेवलं होतंस. चालून बघितलं तर पंधरा. वादळाच्या वर्षी त्यातली एक पाटी उडून मासळी बाजाराच्या छपरावर जाऊन पडली. मी तुला म्हटलं, "बघ, ही तुझी पहिली खरी पाटी. इथून समुद्र खरंच दोन मिनिटांवर आहे." तू चार दिवस माझ्याशी बोलला नाहीस.

पण पाट्यांवरून मी तुझ्याशी वैर धरलेलं नाही. वैर चिठ्ठ्यांवरून आहे.

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी, उपासना संपली की पितळी ताटात वचनांच्या चिठ्ठ्या पालथ्या मांडायच्या आणि तू ताट घेऊन बाकाबाकापाशी जायचं. प्रत्येकाने डोळे मिटून एक उचलायची. निघेल ते देवाने त्याला वर्षभरासाठी दिलेलं वचन. माणसं ती चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवतात. डिसेंबरभर तू त्या चिठ्ठ्या लिहायचास, पांढऱ्या पुठ्ठ्यावर, काळ्या शाईने, आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आणायचास. शुद्धलेखनात तू कधी चुकला नाहीस. पण तिसऱ्या की चौथ्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की अख्ख्या ताटात एकही कडू शब्द नाही.

"शांतवन, यात फटकारणारं एकही वचन नाही. शास्त्र काय नुसता गुळांबा आहे?"

"वर्षाच्या पहिल्या दिवशी कुणाला फटके द्यायचे, मास्तर? आणि आजारी माणसाच्या हातात ते पडलं तर?"

"आणि हे बघ. या वाक्याचा पहिला अर्धा भाग तू गाळलास. तिथे 'जर' आहे. जर तुम्ही असं असं केलंत, तर मी असं करीन. तू 'जर' उडवलास आणि 'तर' ठेवलास."

"जागा पुरत न्हाय."

तुझ्याकडे या एका उत्तरात सगळं बसायचं. जागा पुरत नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी एकदा सरूमावशीला संततीचं वचन निघालं होतं, आकाशातल्या ताऱ्यांइतकी वगैरे. सरकारी दवाखान्यात आया म्हणून जन्म काढलेली ती बाई, वय बाहत्तर. तिने चिठ्ठी वाचली आणि भर उपासनेत विचारलं, "शांतवन, आता या वयात? सरकारी रजा पण न्हाय मिळायची." सगळे हसले, तूही हसलास. मीही हसलो. त्या ताटात किती जड वस्तू आहेत हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

मग करुणा आजारी पडली. ऑपरेशन झालं, मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या. आठ वेळा औषध चढवायचं होतं. डिसेंबरअखेर चार वेळा झालं होतं. ती इतकी वाळली होती, की तिचं रुमाल बांधलेलं डोकं लहान मुलीच्या डोक्यासारखं दिसायचं. पहिल्या जानेवारीला ती हट्टाने उपासनेला आली आणि बायकांच्या पहिल्या बाकावर बसली. तू ताट घेऊन थेट तिच्याकडे गेलास. तिने डोळे मिटून एक चिठ्ठी उचलली. त्यावर लिहिलं होतं, की मी मरणार नाही, जिवंत राहीन. शब्द असेच नाहीत, मूळ वाक्य फार सुंदर आहे. मी ते इथे उतरवत नाही. त्याचा काही दोष नाही आणि तुझ्या अक्षरात ते मी पुरेसं पाहिलं आहे. तिने ते मोठ्याने वाचलं. बायका रडायला लागल्या. आणि तेवढ्यात तुझ्या हातातून ताट पडलं. सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर. तू खाली बसून घाईघाईने गोळा केल्यास, मागच्या खोलीत गेलास आणि ताट पुन्हा मांडून आणलंस. पुरुषांच्या बाजूला आम्ही हसत होतो. पेंटरचे हात आता कापतात म्हणे.

मार्चमध्ये करुणा म्हणाली, आता मी मुंबईला येणार नाही. दोन वेळा राहिल्या होत्या. मी डॉक्टरांना फोन केला, आकडे काढले, तिच्यासमोर ठेवले. ती शांतपणे म्हणाली, "अहो, मला वचन मिळालंय." मी आकड्यांचा कागद मिटला आणि वाद सोडला. लग्नाला तीस वर्षं झाली होती, त्यात ती पहिलीच वेळ. तू तिथेच खाटेच्या पायथ्याशी बसला होतास. मी तुला म्हटलं, तू तरी सांग तिला. तू खिडकीबाहेर सुपारीच्या झाडांकडे बघत राहिलास.

गणपती गेल्यावर आठ दिवसांनी, सोमवारी दुपारी, ती गेली. डॉक्टर नंतर म्हणाले, त्या दोन वेळांनी कदाचित काही फरक पडला नसता. कदाचित. या शब्दासोबत मी सहा वर्षं राहिलो आहे. घरात दुसरं कुणी नव्हतं.

त्या डिसेंबरात तू चिठ्ठ्या तपासायला आणल्या नाहीस, म्हणून मीच तुझ्या दुकानावर आलो. तू चहाला गेला होतास. चिठ्ठ्यांचा गठ्ठा शोधताना ब्रशांच्या डब्याखाली रबर लावलेला एक गठ्ठा सापडला. वरची चिठ्ठी तिचीच. खालची तीच. त्याखालची तीच. मी सगळ्या बघितल्या. सगळ्यांवर एकच वाक्य. म्हणजे तिच्यापुढे तू जे ताट धरलंस त्यात दुसरं काही नव्हतंच. तिने कोणतीही उचलली असती तरी तेच निघणार होतं. आणि ताट पडलं नव्हतं, पाडलं होतं, बदलता यावं म्हणून.

तू परत आलास तेव्हा मी गठ्ठा हातात घेऊन उभा होतो. तू चहाचा डाग पुसत म्हणालास, "तिला दुसरं काय निघालं असतं तर?"

"तू तिला फसवलंस."

"फसवलं कसं? शास्त्रातलंच हाय ना? देवाचा शब्द हाय. तो त्याला पाळायलाच लागतो."

त्या क्षणी मला कळलं, की तू बहिणीला फसवायला निघालाच नव्हतास. तू देवाला कोपऱ्यात गाठायला निघाला होतास. चिठ्ठी तिच्या हातात गेली, मंडळीसमोर वाचली गेली, आता तो कुठे जाईल? हे पाप आपल्यासारख्या माणसांनाच सुचू शकतं. ज्यांना शास्त्र माहीत नाही, ती माणसं असला गुन्हा कशी करतील? त्यांना देवाचं वाक्य हातात धरून देवालाच वेठीला धरता येतं हे ठाऊकच नसतं. मी गठ्ठा तुझ्या रंगाच्या डब्यात टाकला, निळ्या, आणि बाहेर पडलो. त्या दिवसापासून मंडळीत आलो नाही.

तू मात्र यायचास. दर रविवारी उपासना आटोपली की माझ्या अंगणात. आत ये म्हणायचो नाही, तरी पायरीवर बसायचास. मी तुला छळायचं ठरवलं आणि त्यासाठी शास्त्र पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. भक्तीने नाही, सरकारी वकिलासारखं. तू आयुष्यभर जे जे गाळलंस ते शोधून काढायचं आणि तुझ्या तोंडावर फेकायचं. पेन्सिलीने खुणा करायचो, पानाचा फोटो काढून तुला मोबाइलवर पाठवायचो. इथे एक माणूस देवाला विचारतो, झोपलास का. इथे एक जण आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. इथे एक संदेष्टा म्हणतो, तू मला भुलवलंस. हे कधी चिठ्ठीवर का नाही आलं, शांतवन? तुझं उत्तर ठरलेलं. जोडलेले दोन हात. फक्त एकदा तू लिहिलंस, 'हे मला म्हाईतच नव्हतं.' मी तुझी खिल्ली उडवली. तीस वर्षं मंडळीचा वडील आणि ही पानं उघडलीच नाहीत?

मग तुझी फुप्फुसं बसली. पस्तीस वर्षं थिनरचा वास ओढल्यावर दुसरं काय होणार होतं. तुझ्या मुलीचा, मीनाचा, फोन आला, "आतोबा, बाबा तुम्हालाच बोलावतायत." माफी मागणार असशील असं वाटलं. मी नकाराची दोन वाक्यं तयार करून आलो होतो. चांगली होती.

तू म्हणालास, "मास्तर, ती गेल्यापासून माझ्या तोंडात प्रार्थना येत न्हाय."

मी स्टूल ओढून बसलो.

"रविवारी उभा राहतो. ओठ हलवतो. आत काय न्हाय. रिकामा डबा. कुणाला सांगणार? वडील हाय मी."

माझी दोन्ही वाक्यं वाया गेली. अढळ विश्वासाचा तो शिपाई सहा वर्षं नुसते ओठ हलवत होता! मी निदान मंडळीत जायचं सोडलं होतं, उघडपणे. तू दर रविवारी पुढे उभा राहून हे केलंस. शांतवन, तेव्हा मला तुझी कीव यायला हवी होती. मला आनंद झाला. बरी अद्दल घडली, असंच वाटलं.

"ते वाच," तू म्हणालास. "तू मला पाठवायचास ते. देवाला बोल लावलेले. मला त्या बारक्या अक्षरात दिसत न्हाय."

मी दुष्टपणे वाचायला सुरुवात केली हे तुला माहीत असू दे. पहिल्या दुपारी मुद्दाम सगळ्यात काळोखं स्तोत्र निवडलं. ज्याच्या शेवटीही उजेड येत नाही, माणूस ओरडतो आणि गाणं तिथेच संपतं. मला तुझा चेहरा बघायचा होता. तू डोळे मिटून ऐकलंस आणि म्हणालास, "परत वाच." मी परत वाचलं.

"हे पण शास्त्रातच हाय?"

"हो."

"शेवटी सुद्धा काय बरं होत न्हाय?"

"नाही."

"आणि कुणी काढून टाकलं न्हाय इतक्या वर्षांत?"

"नाही. त्यांना तुझ्यासारखा वडील भेटला नाही."

तू इतका हसलास, की मीनाला ऑक्सिजनची नळी नीट करायला यावं लागलं. जाता जाता तू मला म्हणालास, "उद्या ये." मी गेलो. महिनाभर रोज दुपारी गेलो. काही दिवसांनी तू मधेच "व्हय, व्हय" म्हणायला लागलास, आणि एका दुपारी मी पुस्तक मिटल्यावर तू चार शब्द बोललास. माझ्याशी नव्हते ते. मी उठून पाण्याचा तांब्या आणायला गेलो, कारण दुसऱ्याची प्रार्थना ऐकत बसणं मला असभ्य वाटतं.

त्या महिन्यात माझं काय झालं ते मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू त्याची साक्ष करून रविवारी सगळ्यांना ऐकवली असतीस. आता सांगतो. तुला ऐकवता ऐकवता मला ते पुस्तक पटायला लागलं. ज्या पानांनी तुला घायाळ करायचं होतं त्याच पानांमुळे. ज्यांनी ते गोळा केलं, जपलं, हाताने उतरवून काढलं, त्यांना ते काळोखं गाणं गाळणं किती सोपं होतं. जागा पुरत नाही म्हणायचं आणि पुढे जायचं. त्यांनी ते ठेवलं. देवावरचा आरोप देवाच्याच पुस्तकात ठेवला आणि वर तो उपासनेत गायला लावला. जाहिरात करणारे असं करत नाहीत. मी जन्मभर पुस्तकं वाचली आहेत, मला विकायला बसलेला माणूस तिसऱ्या पानावर ओळखू येतो. इथे मला कुणी काही विकत नव्हतं. मग मला उमगलं, की सहा वर्षं मी चुकीच्या आरोपीला शिक्षा देत होतो. त्या पुस्तकाने करुणाला कधीच खोटं सांगितलं नव्हतं. खोटं तू सांगितलंस. हा निकाल लागल्यावर मला बरं वाटलं. पुस्तक सुटलं आणि तू अडकलास.

आणि नेमका तेव्हाच, शेवटून तिसऱ्या दिवशी, तू माझा निकालही बिघडवलास.

"मास्तर, करुणाला म्हाईत होतं."

"काय?"

"ताट पडलं तवा एक चिठ्ठी तिच्या पायाशी उताणी पडली. तिनं उचलली, वाचली, तेच वाक्य, आणि माझ्या हातात दिली. हसली. मी मेलो तिथंच."

मी पुस्तक खाली ठेवलं. तू दम घेत घेत पुढचं सांगितलंस. मार्चमध्ये, मी डॉक्टरांशी फोनवर बोलत असताना, ती तुला म्हणाली होती, "दादा, मी दमलेय. नुसतं दमलेय म्हटलं तर हे ऐकायचे नाहीत, कागद काढून बसतील. वचन आहे म्हटलं की माझ्याशी भांडणार नाहीत. तुझ्याशी भांडतील. भांडू देत. मागे त्यांना कुणीतरी लागेलच."

"सहा वर्षं का बोलला नाहीस?"

"तिनं सांगितलं होतं, सांगायचं न्हाय."

"मग आता का सांगतोयस?"

"आता मी पण चाललो. तू कुणाशी भांडशील?"

करुणा बोलली असेल तर असंच बोलली असेल. 'कागद काढून बसतील' हे तिचंच आहे. पण शांतवन, तू माणसांना जे हवं असेल ते लिहून देतोस. मला काय हवं होतं ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ती दोन औषधं चुकली म्हणून ती गेली नाही, तिने स्वतः ठरवलं, कुणाच्या फसवणुकीला बळी पडून नाही, हेच मला ऐकायचं होतं. आणि जाता जाता तू नेमकं तेच माझ्या हातात ठेवलंस. ते खरं होतं, की तुझी शेवटची चिठ्ठी होती? मी तुला विचारू शकलो असतो. विचारलं नाही. तू 'खरं' म्हणाला असतास आणि आपण होतो तिथेच राहिलो असतो.

मग तू विचारलंस, "मला माफ केलंस?" मी पुस्तक उचललं आणि म्हटलं, "पुढचं वाचतो." तू मान हलवलीस. दोन दिवसांनी सकाळी मीना चहा गाळत असताना तू गेलास.

इथवर लिहून मी चार दिवस थांबलो होतो. आज रविवार झाला.

पाळकसाहेबांनी मला कागदावर त्या स्तोत्रातली पाच वचनं लिहून दिली होती. तुझं आवडतं, त्याच्या आगेमागे दोन-दोन. तीसुद्धा तुझ्याच पद्धतीने निवडलेली, सगळी गोड. मी पुढे उभा राहिलो, कागद खिशात घातला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. पाळकसाहेब आधी हसले, मग हसायचे थांबले. मी सगळं वाचलं. माणूस अडचणीत सापडतो तिथपासून. शत्रू मधमाश्यांसारखे चहूकडून येतात ते. ढकललं, पडायलाच आलो होतो, ते. आणि मग ते वाक्य आलं. मला वाटलं होतं माझा आवाज जाईल. गेला नाही. कारण त्या जागी ते वाचताना मला पहिल्यांदा दिसलं, की ते वचन नव्हतंच. कुणी कुणाला तिथे काही कबूल करत नाही. कुठल्याशा संकटातून धापा टाकत वाचून आलेला एक माणूस स्वतःचं सांगतो आहे, अजून घाबरलेला, अजून विश्वास न बसलेला. ती त्याची साक्ष होती, शांतवन. तू एका माणसाचा उसासा कापून दुसऱ्याच्या हातात हुंडीसारखा दिलास. मी तीस वर्षं तुझं शुद्धलेखन तपासलं आणि ही चूक मला दिसली नाही. तेव्हा थोडी माझीही आहे.

वाचन संपल्यावर वाचणाऱ्याने म्हणायचं असतं, की देव आपल्या वचनाच्या वाचनास आशीर्वाद देवो. मी म्हणालो. ओठ हलवून नाही.

बाहेर सरूमावशी चपला शोधत होती. "मास्तर, लई लांब वाचलंत."

"सगळंच वाचलं, मावशी."

"शांतवन लवकर आटपायचा." तिला एक चप्पल सापडली. "पण बरं झालं. त्या स्तोत्रातला माणूस मधे इतका भ्यालेला हाय, हे मला ठावंच नव्हतं. मला वाटायचं तो पहिल्यापासून बराच हाय."

तर पुढच्या रविवारीही मीच वाचणार आहे. तुझी जागा घेतली असं समजू नकोस. मी पहिल्या पानापासून लावलं आहे, रविवारी एक अध्याय, जे येईल ते. वंशावळ्या आल्या तर वंशावळ्या. पाळकसाहेब घाबरले आहेत. तुला माफ करायचं राहिलं आहे. ते कुठल्या पानावर सांगितलंय ते मला पाठ आहे आणि आत्ता उघडून, तेवढंच वाचून, मोकळं होता आलं असतं. पण तसं तू करायचास. मी क्रमाने चाललो आहे. तिथवर यायला वेळ लागेल. मी पान गाळणार नाही.